चांदीच्या साखळीतले क्रिस्टलचे पदक पावसाळ्यात काळे पडले. चांदी खोटी आहे का आणि ते घरी कसे स्वच्छ करावे?

आपला प्रश्न असा आहे की ९२५ असा शिक्का असलेली चांदीची साखळी आणि तिच्यातले क्रिस्टलचे पदक एका पावसाळ्यातच काळवंडले. तेव्हा चांदी खोटी निघाली का, दागिना घरी उजळता येईल का, आणि पदकातला खडा खरा स्फटिक आहे की नुसती काच. हे प्रश्न वेगवेगळे दिसले तरी उत्तर एकत्रच द्यावे लागेल, कारण दागिना कसा धुवायचा हे चांदीवर कमी आणि त्यातला खडा व तो बसवण्याची पद्धत यांवर अधिक ठरते.

चांदीबद्दलची शंका आधी दूर करतो. काळे पडणे हा खोटेपणाचा पुरावा नाही. अस्सल चांदीही काळी पडतेच. शुद्ध चांदी दागिन्यासाठी फार मऊ असते, म्हणून ९२५ मध्ये ९२.५ टक्के चांदी आणि उरलेल्या भागात बहुधा तांबे असते. लोखंड गंजते ते ऑक्सिजनमुळे, पण चांदीचे वैर गंधकाशी आहे. हवेत अत्यल्प प्रमाणात असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर तयार करतो, आणि हवा दमट असली की ही क्रिया वेगाने होते. हा थर प्रथम पिवळसर, मग तपकिरी आणि शेवटी निळसर काळा दिसतो. अंडे, कांदा-लसूण, काळे मीठ, लोकर आणि रबर ही गंधकाची घरातली नेहमीची ठिकाणे होत. साखळीची गुंडाळी रबरबँड लावून ठेवून दिली, तर नेमकी त्या रबराखालची रेघ सर्वांत आधी काळी होते. उलट रोज अंगावर असलेली साखळी कपड्यांना आणि त्वचेला घासून बरीच उजळ राहते.

ॲल्युमिनियमची फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी हा उपाय आपण ऐकला असेलच. तो खरा आहे. दागिना फॉइलला टेकलेला असेल, तर ॲल्युमिनियम हे त्या काळ्या थरातल्या चांदीला तिचे मूळ धातुरूप परत देते आणि गंधक चांदीपासून सुटतो; भांड्यातून सडक्या अंड्यासारखा किंचित वास येतो तो याचाच, आणि फॉइल मलूल होते. घासून काढताना काळ्या थराबरोबर त्यातली चांदीही जाते, तशी ती येथे जात नाही, म्हणून साध्या, बिनखड्याच्या साखळीसाठी मी हीच पद्धत सांगेन. मात्र ऑक्सिडाइज्ड दागिन्याच्या नक्षीतला काळेपणा मुद्दाम आणलेला असतो, तोही यात निघून जातो आणि नक्षी सपाट, निर्जीव दिसू लागते. टूथपेस्टचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये; तिच्यातले घासणारे कण मऊ चांदीवर बारीक ओरखडे पाडतात.

आता खड्याकडे वळू. बाजारात क्रिस्टल म्हणून मिळणाऱ्या वस्तूंत दोन अगदी भिन्न पदार्थ असतात. एक म्हणजे क्वार्ट्‌झ, अर्थात जमिनीत तयार झालेला स्फटिक. जपमाळेतले आणि शिवलिंगाचे स्फटिक ते हेच. त्यात सिलिकॉन व ऑक्सिजनचे अणू ठरावीक क्रमाने रचलेले असतात. दुसरा पदार्थ म्हणजे काच. काचेत असा दूरवर टिकणारा क्रम नसतोच, त्यामुळे क्रिस्टल ग्लास शास्त्रीय अर्थाने स्फटिक नव्हे. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांना १६७४ मध्ये अशा चमकदार काचेचे पेटंट मिळाले आणि पुढे तिच्यात शिशाचे ऑक्साइड घालण्याची रीत रूढ झाली. शिशामुळे काच जड होते, प्रकाश अधिक वाकवते आणि तिचे पैलू सफाईने पाडता येतात. १८९५ पासून ऑस्ट्रियातल्या वाटेन्स गावी असलेल्या स्वारोव्हस्की कंपनीने यंत्राने पैलू पाडून हीच काच दागिन्यांत घरोघरी नेली. आता त्यांचे खडे शिसेविरहित मिश्रणाचे असतात. मला विचाराल तर उत्तम पैलूंची काच ही कमीपणाची वस्तू नाही. काच स्फटिकाच्या भावाने विकणे, ही मात्र फसवणूक आहे.

ओळखण्यासाठी भिंगातून पाहावे. आत गोल बुडबुडे दिसले तर ती काच. क्वार्ट्‌झमध्ये बहुधा धूसर पडदे, सुयांसारख्या रेषा किंवा बारीक भेगा दिसतात. मोठा गोल मणी किंवा गोळा असेल तर तो केसावर ठेवून हळूहळू फिरवावा. काही दिशांनी केस दुहेरी दिसला तर क्वार्ट्‌झ, कारण काच प्रकाशकिरण असा दुभंगत नाही. क्वार्ट्‌झ ओठाला लावल्यावर काचेपेक्षा जास्त वेळ थंड लागतो, पण एवढ्यावर निर्णय देऊ नये.

आपल्या पदकातला खडा काचेचा आणि मागून बंद कोंदणात असेल, तर तो बहुधा चिकटवलेला असतो आणि त्याच्या पाठीला आरशासारखा मुलामा असतो. पाणी आत शिरले की मुलामा सुटतो, खडा एका कोपऱ्यातून करडा होऊ लागतो आणि ते पुन्हा दुरुस्त होत नाही. इंद्रधनुषी छटेच्या खड्यांवर धातूचा अतिशय पातळ थर असतो, तोही घासल्याने जातो. म्हणून असे पदक गरम पाण्यात बुडवू नये. साखळी वेगळी काढून फॉइलच्या पाण्यात टाकावी, आणि पदकाची चांदी पॉलिशच्या मऊ कापडाने, खड्याला न लागू देता पुसावी. खडा क्वार्ट्‌झचा आणि नख्यांच्या उघड्या कोंदणात असेल, तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश चालेल; पाणी कढत मात्र नको, कारण आतल्या भेगा तापमानाच्या झटक्याने वाढू शकतात.

दागिना पूर्ण कोरडा करून हवाबंद पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून ठेवावा. एका पिशवीत एकच वस्तू असावी, कारण कठीणपणाच्या मोह्‌स मापावर चांदी ३ च्याही खाली आणि क्वार्ट्‌झ ७ वर आहे. डबीत एकत्र खुळखुळणारा स्फटिकाचा मणी शेजारच्या चांदीच्या पैंजणावर आणि काचेच्या खड्यावरही चरे पाडतो.