बारावीला मार्क कमी पडले, नर्सिंगला जायचंय?

एकूण टक्केवारी बघून रडत बसू नकोस. बी.एस्सी. नर्सिंगसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे मिळून मार्क बघतात, इंग्रजीत पास हवं. खुल्या गटाला ४५ टक्के लागतात. तेवढे असतील तर पुढचा सगळा खेळ सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणून आधी तिकडे लाग.

तेही नसतील तर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा कर. ४० टक्के पुरतात, इंग्रजीत पास हवं, आर्ट्सवालेही चालतात. तीन वर्षांचा कोर्स, नंतर दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे डिप्लोमावाल्यांसाठीची नर्सिंगची पदवी. लोक याला उगाच कमी लेखतात.

नवखी मुलं कुठे फसतात?

- सीईटीचा फॉर्म बारावीच्या निकालानंतर भरू म्हणतात, तोवर मुदत संपते.
- जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर शेवटच्या आठवड्यात काढायला जातात. सेतूत तेव्हाच रांग असते.
- 'सीट पक्की करतो' म्हणणाऱ्या एजंटला पैसे देतात. देऊ नकोस, बस्स.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा मान्यतेचं पत्र माग आणि पोरींना विचार, वॉर्डची ड्युटी कुठे लागते? लॅबमधल्या सरावाच्या पुतळ्यावर प्लॅस्टिक तसंच असेल तर इमारत कितीही चकचकीत असो, दुसरं कॉलेज बघ. बी.एस्सी.चं संलग्नीकरण तपासायला तर म्हसरूळचं आरोग्य विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे.