यादवीतले 'सर्वंकष युद्ध': कोणता शब्द कुठे वापरावा?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या जनरल शर्मनने दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात जी नासधूस केली, तिला इंग्रजी लेखक 'टोटल वॉर' म्हणतात. मराठीत संपूर्ण युद्ध, समग्र युद्ध, सर्वंकष युद्ध, दग्धभू धोरण असे चार शब्द दिसतात. अनुवादात कोणता घ्यावा?

'संपूर्ण युद्ध' आधी बाजूला ठेवू. मराठीत 'संपूर्ण'चा पहिला अर्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत, असा होतो. 'संपूर्ण युद्धात तो आघाडीवर होता' या वाक्यात कुणालाही पारिभाषिक अर्थ लागणार नाही. 'समग्र'चेही तेच, शिवाय 'समग्र वाङ्मया'मुळे त्याला ग्रंथांचा वास लागला आहे. 'सर्वंकष' मात्र नेमका आहे. यातला 'कष्' हा घासणे, खरवडणे या अर्थाचा धातू. पाणिनीने सर्व, कूल, अभ्र आणि करीष या शब्दांपुढे त्याचे रूप सांगितले आहे, त्यातलीच 'कूलंकषा' म्हणजे काठ खरवडत जाणारी नदी. आज आपण 'सर्वंकष विचार' म्हणताना फक्त 'सगळे कवेत घेणारा' एवढेच मनात आणतो, पण मुळात सगळे खरवडून काढणारा हाही अर्थ त्यात आहे. युद्धाला हे दोन्ही अर्थ लागू पडतात: स्वतःचा सगळा समाज युद्धाला जुंपायचा आणि शत्रूचा सगळा समाज लक्ष्य मानायचा. संज्ञा म्हणून 'सर्वंकष युद्ध'च घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

खरी अडचण पुढे आहे. ही संज्ञा विसाव्या शतकातली. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ती फ्रान्समध्ये वापरात आली, १९३५ साली जर्मन सेनानी लुडेनडॉर्फने तिच्याच नावाने पुस्तक लिहिले आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने बर्लिनच्या सभेत तिची आरोळी ठोकली. शर्मनवर हे लेबल इतिहासकारांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लावले आणि ते बसते की नाही यावर त्यांच्यातच वाद आहे. म्हणून १८६४ सालच्या माणसाच्या तोंडी 'सर्वंकष युद्ध' घालू नये. शर्मनची स्वतःची भाषा युद्धाच्या कठोर हाताची आहे. आपण फक्त शत्रूच्या सैन्याशी नाही, तर शत्रू झालेल्या लोकांशी लढतो आहोत आणि म्हाताऱ्या-तरुणांना, गरीब-श्रीमंतांना तो हात जाणवला पाहिजे, असे त्याने डिसेंबर १८६४ मध्ये वॉशिंग्टनमधला वरिष्ठ सेनाधिकारी हॅलेक याला लिहिले.

तो हात कसा चालला, हे पाहिले की शब्द आपोआप सुचतात. १५ नोव्हेंबर १८६४ रोजी सुमारे ६२,००० सैनिक अटलांटाहून निघाले आणि २१ डिसेंबरला किनाऱ्यावरच्या सव्हाना शहरात शिरले. पाठीमागून रसद येणार नव्हती, त्यामुळे रोज सकाळी तुकड्या दाणावैरण आणायला बाजूच्या मुलखात जात. आपल्या जुन्या लष्करी कागदांत अशा तुकडीला 'कही' म्हणतात. हा शब्द इथे बेलाशक वापरावा, 'अन्नसंकलन पथक' असले काही घडवू नये. रेल्वेचे रूळ उखडायचे, खालच्या लाकडी स्लीपरांची होळी करून त्यात ते लाल करायचे आणि झाडाच्या बुंध्याभोवती गुंडाळायचे. नुसता वाकलेला रूळ ठोकून सरळ करता येतो, पण तापवून पिळलेला रूळ कारखान्यात पुन्हा लाटल्याशिवाय कामाचा राहत नाही आणि तसे कारखाने दक्षिणेत फारच थोडे होते. जॉर्जियाचे नुकसान १० कोटी डॉलरचे झाले, त्यातले २ कोटी आमच्या कामी आले, बाकी निव्वळ नासाडी, असा हिशेब शर्मनने स्वतः अहवालात दिला. त्याच शरद ऋतूत व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यात उत्तरेचाच जनरल शेरिडन याने धान्या-गवताने भरलेली २,००० हून अधिक कोठारे आणि ७० हून अधिक पिठाच्या चक्क्या जाळल्याचे सरसेनापती ग्रँटला कळवले.

यासाठी मराठीत 'मुलूख बेचिराख करणे' तयार आहे. मूळ फारसी 'बेचिराग', म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव. ओसाड पडलेल्या गावाला महसुली दप्तरात हाच शब्द असे. आपण त्यात 'राख' ऐकली आणि जाळपोळीचा अर्थ पक्का झाला. शेनान्डोआसाठी तो तंतोतंत आहे. 'दग्धभू' इथे मी टाळेन, कारण ते मुख्यतः माघार घेणाऱ्याचे धोरण: १८१२ मध्ये रशियनांनी नेपोलियनपुढे आपलाच मुलूख जाळला, तसे.

'सर्वंकष'ला इथे मर्यादा का घालायची, याचे कारण शर्मनच्या ९ नोव्हेंबरच्या हुकुमात सापडते. घरात शिरायचे नाही, कुटुंबाला पोटापुरते ठेवायचे, गिरण्या-घरे जाळण्याचा अधिकार फक्त कोअरच्या, म्हणजे सैन्याच्या मोठ्या विभागाच्या, सेनापतीला, घोडे-खेचरे नेताना श्रीमंत आणि गरीब यांत फरक करायचा, कारण श्रीमंत बहुधा शत्रुपक्षाचे. हुकूम पुष्कळदा मोडला गेला, लूट झाली, हे खरे. तरी नेम मालमत्तेवर होता, नागरिकांच्या सरसकट कत्तलीवर नव्हता. विसाव्या शतकातल्या शहरांवरच्या बाँबफेकीला जो शब्द लागतो, तोच इथे बिनशर्त लावला तर वाचकाची दिशाभूल होते.

आणि 'यादवी' सोडू नका. 'गृहयुद्ध' हिंदीतून आले आहे, चुकीचे नाही, पण प्रभासक्षेत्री एकमेकांना मारणारे यादव आपल्या शब्दात आहेत, आणि प्रश्न त्या आपसातल्या नात्याचाच होता. अध्यक्ष लिंकनच्या दृष्टीने दक्षिणेची राज्ये फुटलेलीच नव्हती, म्हणजे जॉर्जियातला शेतकरी आपलाच नागरिक. म्हणून सुरुवातीला खासगी मालमत्तेला हात लावू नका, असा आग्रह होता. जुलै १८६२ मध्ये उत्तरेचा जनरल मॅक्लेलन याने लिंकनला तेच लिहून दिले, आणि त्याच महिन्यात उत्तरेचाच दुसरा जनरल, जॉन पोप याने आपल्या सैन्याला मुलखावर जगायचा हुकूम दिला. दोन वर्षांत धोरण किती पालटले, हे 'यादवी' शब्दामुळे मराठी वाचकाला जास्त बोचेल.

तेव्हा विश्लेषणाच्या परिच्छेदात 'पुढे ज्याला सर्वंकष युद्ध म्हटले गेले, त्याची काही लक्षणे' असे लिहा आणि प्रत्यक्ष वर्णनात मुलूख, कही, रसद, बेचिराख हे शब्द येऊ द्या. 'गनिमी कावा' मात्र कुठेही नको: दिवसाढवळ्या समांतर वाटांनी चाललेल्या साठ हजारांच्या फौजेला तो लागू पडत नाही.