८-८ झाले की हात का आखडतो?

"सरावात जिला सहज हरवते, तिच्याकडूनच सामन्यात हरते. परदेशात काय होणार हिचं?" ही काळजी घेऊन मुलुंडचे एक आई-बाबा माझ्याकडे आले. मुलगी पंधरा वर्षांखालील गटात पहिल्याच आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस स्पर्धेला निघालेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तिचे सामने मोबाइलवर पाहिले. अकरा पॉइंटांच्या गेममध्ये ८-८ झाले की बॅटवरची पकड घट्ट होई, मनगट आखडे. मग टॉपस्पिनला (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणाऱ्या फटक्याला) फिरकीच मिळेना आणि चेंडू टेबलाबाहेर. सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडूही (टॉस) कमी उंच जाई. तो तळहातापासून किमान १६ सेंमी वर जायला हवा. क्लबात कुणी हटकत नाही, तिकडे अंपायर समोरच्याला पॉइंट देऊन टाकतो. शिवाय प्रत्येक पॉइंटनंतर तिची नजर गॅलरीत. बाबा चकार शब्द काढत नसत, फक्त कपाळाला हात लावत. तेवढं पुरे होतं!

छाती धडधडणारच, ती थांबवायच्या फंदात पडलो नाही. "तेव्हा काही सुचतच नाही," असं ती म्हणाली, म्हणून सुचायचं काम आधीच उरकलं. ८-८ किंवा ९-९ ला दोन सर्व्हिस हातात येतात. त्या ठरवून टाकल्या: एक समोरचीच्या बॅकहँडला आखूड बॅकस्पिन (उलटी फिरकी), दुसरी कोपऱ्यात लांब आणि वेगवान. पॉइंट संपला की बॅट दुसऱ्या हातात, बोटं सैल, एक लांब उच्छ्वास, नजर बॅटच्या रबरावर. दर सहा पॉइंटांनी टॉवेलची मुभा असते. घाम नसला तरी ती घ्यायची. टाइमआउट सामन्यात एकच, एका मिनिटाचा. वैयक्तिक सामन्यात त्याबाबत कोचशी मतभेद झाला तर शेवटचा शब्द खेळाडूचा, हे तिला ठाऊकच नव्हतं.

कोचनी सरावाच्या शेवटी, ती दमल्यावर, ८-८ पासून छोटे गेम लावले. सुरुवातीला बिघडलंच; ऐन वेळी ठरलेली सोडून ती भलतीच सर्व्हिस करे. मग दोनाऐवजी एकच सर्व्हिस ठेवली, तेव्हा जमू लागलं.

बाबांना समजावणं जास्त अवघड गेलं. त्यांनी वरच्या रांगेत, तिला दिसणार नाही असं बसायचं. हरून आली तर आधी जेवण, चुकांची चर्चा दुसऱ्या दिवशी कोचसोबत.

स्पर्धेत ती गटसाखळीतच बाहेर पडली. पण हरलेल्या सामन्यातही एक गेम तिने ९-९ वरून, ठरलेल्या आखूड सर्व्हिसवर काढला.

मूल आठवडेच्या आठवडे नीट झोपत नसेल, सामन्याआधी उलट्या होत असतील किंवा हॉलवर जायलाच नकार देत असेल, तर मात्र सर्व्हिसच्या युक्त्यांत वेळ घालवू नका, बालमानसतज्ज्ञांना दाखवा.