मीटिंगची वेळ त्यांना विचारून ठरव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "काकू, फॉस्टर केअरच्या टीम मीटिंगला त्या कोर्टाच्या ॲडव्होकेट बाईंना दर वेळी बोलवायलाच हवं का? त्या ना आपल्या ऑफिसच्या, ना वकील." फोनवर नुसतं "हो" म्हटलं. आता सविस्तर लिहिते.

ॲडव्होकेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट येतो. इथे अमेरिकेत हे लोक वकील नसतात. आई-वडिलांकडून काढून तात्पुरतं दुसऱ्या घरी, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, ठेवलेल्या मुलाची नीट माहिती काढून न्यायाधीशांना सांगायला कोर्टाने नेमलेले हे स्वयंसेवक. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी बँकेत नोकरीला. तीसेक तासांचं प्रशिक्षण घेऊन फुकट काम करतात. १९७७ साली सिएटलच्या न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी ही पद्धत सुरू केली. मुलांच्या आयुष्याचे निकाल द्यायचे आणि समोर पुरेशी माहिती नाही, हे त्यांना सलत होतं. तुझ्याकडे डझनभर केसेस असतील. त्यांच्याकडे एक, फार तर दोन. शिवाय आपण सोशल वर्कर वर्षा-दोन वर्षांत नोकरी बदलतो, त्या सहसा केस संपेपर्यंत टिकतात.

माझीच चूक सांगते. दोन भावांचं घर बदलायचं होतं. ॲडव्होकेट बाईंना दुपारी जमत नव्हतं, म्हणून मी त्यांना वगळून मीटिंग उरकली. एकाच घरात दोन जागा मिळेनात, म्हणून दोघांना वेगळं ठेवायचं ठरलं. कागद चोख होते. कोर्टात बाईंचा अहवाल वाचला गेला: धाकट्याला रात्री दम लागतो, तेव्हा थोरला उठून त्याचा पंप शोधतो, आणि पंप कुठे असतो हे घरात फक्त थोरल्याला ठाऊक. न्यायाधीशांनी चष्मा काढून मला विचारलं, "यांना विचारलं होतंत?" मान खाली गेली. सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि त्यात पाच आठवडे गेले. गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फॉस्टर केअरमध्ये असलं, की काही अपवाद सोडता सरकारी यंत्रणेला पालकांचे हक्क संपवण्याचा अर्ज कोर्टात करावा लागतो. मुलं परत मिळवायला धडपडणाऱ्या आईसाठी पाच आठवडे थोडे नसतात गं.

बोलावलंस म्हणजे त्यांचं ऐकलंच पाहिजे असं नाही. मुलाचा वकील बरेचदा मुलाला काय हवं ते मांडतो, ॲडव्होकेट बाई मुलाच्या हिताचं काय ते सांगतात. कधी दोघांची जुंपते. जुंपू दे. मतभेद मीटिंगच्या नोंदीत नीट लिही, "सर्वांची सहमती" असं गुळमुळीत लिहू नकोस. निर्णय आधी ठरवून त्यांना नुसतं कळवायला बोलावणं तर न बोलावण्याहून वाईट, आणि ते त्यांना लगेच कळतं. हो, मुलाला दवाखान्यात नेण्या-आणण्याची कामंही त्यांच्या गळ्यात घालू नकोस.

गुरुवारी मीटिंग आहे म्हणालीस ना? आजच फोन कर. नोकरी करत असतील तर पाचनंतरची वेळ विचार.

तुझी,
काकू