नॉरफकच्या विटांच्या बार्नवर काम करायला येताय, तर

तुम्ही विचारलंय: पुण्यात वाड्यांची दुरुस्ती केलीय, आता इंग्लंडच्या नॉरफकमध्ये जुन्या बार्न (मळणीची, धान्याची कोठारं) आणि तबेल्यांच्या संवर्धनाची नोकरी मिळतेय, नवरा आणि चार वर्षांची मुलगी यांना घेऊन जावं का, आणि तबेल्याचं केलेलं घर भाड्याने घ्यावं का. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडते. मी इथे हेच काम करते, त्यामुळे प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आधी काम, कारण त्यावर माझा जीव आहे. आपलं खळं उघड्यावर असतं. इथे पावसाचा नेम नाही, म्हणून मळणी छपराखाली, हिवाळाभर चालायची. बार्नच्या लांब भिंतींत समोरासमोर दोन उंच दरवाजे. दोन्ही उघडले की वारा आरपार, त्यातच उफणणी. दोन्ही अंगांना पेंढ्यांची रास, ती कुबट होऊ नये म्हणून भिंतीत मधल्या विटा गाळून हवेची भोकं ठेवलेली, कुठे उभ्या फटी, कुठे शंकरपाळ्यांची नक्षी. वर त्रिकोणी भिंतीत घुबडाला आत यायला भोक, म्हणजे उंदरांचा बंदोबस्त. तबेल्यात वर गवताचा माळा, खाली गव्हाणी, जमिनीला नालीकडे उतार. शोभेसाठी काहीच नाही, आणि तरी इतकं देखणं!

लॉडनजवळचा हेल्स हॉलचा बार्न आल्या आल्या बघा. पंधराव्या शतकाच्या अखेरचा, राजा सातव्या हेन्रीचे अ‍ॅटर्नी जनरल जेम्स होबार्ट यांनी बांधवलेला. लाल विटा, गवताची शाकारणी, लांबी सुमारे १८० फूट.

तुमचा चुन्याचा हात इथे सोन्यासारखा उपयोगी पडेल. मागच्या पिढीने विटांमधले सांधे सरसकट सिमेंटने भरले. वीट मऊ, सांधा कडक. ओल सांध्यातून निघत नाही, विटेत अडकते, थंडीत गोठते आणि विटेचं तोंड सुटून पडतं. पण चुन्याचं काम कडक थंडीत करता येत नाही, आणि आत वटवाघळं किंवा घरटं केलेली घुबडं असली की कायद्याने थांबावंच लागतं. हंगाम फार आखूड.

आता घराचं. आमच्या तबेल्याला नंबर नव्हता, नुसतं नाव होतं, आणि पिनकोडवर यादीत फक्त शेतमालकाचं घर दिसायचं. बँक, दवाखाना, शाळाप्रवेश, सगळीकडे ‘पत्ता सापडत नाही’. भाडेकरार पाठवला, तर वीजबिल मागितलं. वीजबिल मालकाच्या नावावर. हे निस्तरेपर्यंत गावातली शाळा भरली आणि मुलीला दूरच्या शाळेत टाकावं लागलं. तिचा वाढदिवस ऑगस्टच्या शेवटी. इथे वर्ष ३१ ऑगस्टला तोडतात, म्हणजे चार पूर्ण होतात न होतात तोच वर्गातली सगळ्यांत लहान. वर शिक्षिकेने सांगितलं, घरी इंग्रजीच बोला. मी नाही म्हटलं. आज मुलगी छान शिकतेय, पण ती बाई आठवली की माझं डोकं अजून तापतं. तुमची मुलगी उन्हाळ्यातली असेल तर एक वर्ष थांबवण्याची विनंती करता येते, ती लेखी करा. आणि घर घेण्याआधी त्याचा स्वतंत्र पत्ता पोस्टाच्या यादीत आहे का ते तपासा.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. डिसेंबरात चारला अंधार पडतो. सवय होते.

मला छळतं ते वेगळंच. वाईला आमचा वाडा होता, पातळ विटांचा, चुन्यातला. वाटण्या झाल्या, बिल्डरला गेला. तो पाडला तेव्हा मी इथे एका परक्या शेतकऱ्याच्या तबेल्यातली गव्हाण जागची हलू नये म्हणून अर्ज लिहीत होते. संरक्षित यादीतल्या इमारतीत ती विनापरवाना काढणं इथे गुन्हा आहे. वाड्याचे फोटो भावाने पाठवले. मी ते अजून नीट पाहिलेले नाहीत. तुम्ही आलात तर पुण्यात चुना कळणारं एक माणूस कमी होईल, हे मनात आल्यावाचून राहत नाही. तरीही या, असंच म्हणेन. असं काम हाताला लागणं दुर्मीळ आहे.

गाव कोणतं ते कळवा. तिथे बस जाते की गाडी आधी घ्यावी लागेल, ते सांगते.