आधी सनद की आधी पगार?

राजापूर तालुक्यातली एक विद्यार्थिनी लिहिते: ‘मी रत्नागिरीत तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे न्यायाधीश व्हायचं आहे. पण घरी बाबांवर सगळा भार आहे, म्हणून शेवटची परीक्षा झाली की मुंबईत एखाद्या कंपनीत नोकरी बघावी असं वाटतं. तयारी कधी सुरू करू?’

तुझ्या या दोन इच्छा एकमेकींच्या आड येतात, हे आधी सांगते. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षं वकिली केलेली हवी, ही अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात परत आणली. ही वर्षं तात्पुरती सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यापासून मोजायची. आणि पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करायला बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचे, नियम परवानगी देत नाहीत. म्हणजे कंपनीत काढलेली वर्षं तुला न्यायाधीशपदाच्या परीक्षेपासून लांबच ठेवतील. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क (संशोधन सहायक) म्हणून केलेलं काम मात्र धरलं जातं, त्या पदाची जाहिरात डोळ्यांआड होऊ देऊ नकोस.

पैशाचंही स्पष्ट बोलू. ज्युनिअर वकिलाला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आपल्याकडे पुष्कळ सिनिअर सुरुवातीला जेमतेम प्रवासखर्च देतात. म्हणून बाबांशी आत्ताच बोल. पहिली दोन वर्षं घरी पैसे देता येणार नाहीत, हे त्यांना निकालानंतर कळण्यापेक्षा आज कळू दे.

आता तयारी. ती याच सत्रात सुरू कर. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. ती केवळ प्रमाणपत्रापुरती उरकणारी मुलं पाहिली की मला फार वाईट वाटतं, कारण पुढचा सिनिअर बहुधा तिथेच भेटतो. एक अडचण लक्षात घे: तुला मे महिन्यात सुट्टी, तेव्हा कोर्टालाही सुट्टी. म्हणून कोर्टातले आठवडे सत्र चालू असतानाच बसव. बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) बघ, रोजनामा (प्रकरणाच्या कामकाजाची नोंद) वाच, दावा आणि कैफियत (त्याला दिलेलं उत्तर) शेजारी ठेवून वाच.

मे महिन्यात जमिनीचं काम शिक. दुय्यम निबंधक कार्यालय आणि तलाठ्याचा सजा तेव्हाही उघडे असतात. कोकणात हे काम कधी संपत नाही. सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं, निम्मे वारस मुंबईत, कुळाची नोंद, सामाईक कलमबाग, किनाऱ्यालगत घर बांधायचं तर सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नियम, आणि महामार्गात गेलेल्या जागेच्या मोबदल्यावरून भावाभावांत वाद. बँकेला कर्जाआधी सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीच्या तपासणीचा अहवाल) लागतो, तो नीट लिहिणारा ज्युनिअर सिनिअरला हवाच असतो. जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) एकामागून एक लावून मालकी कशी आली हे तुला सांगता येऊ लागलं, की त्या कामाचे पैसेही मिळू लागतात. घरखर्चाला हातभार लावायची तुझी पहिली वाट मला इथे दिसते.

मुंबईच हवी असा हट्ट आता धरू नकोस. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्याच कक्षेत येतात. राजापुरातून अणुस्कुरा घाट चढलात की तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यात. इथल्या दाव्यांची अपिलं तिथे चालणार, तेव्हा दोन्हीकडे काम असणारा सिनिअर शोध.

अर्ज पाठवताना ‘मला शिकायची आवड आहे’ एवढंच लिहू नकोस. स्वतः केलेला एक सर्च रिपोर्ट, पक्षकारांची नावं काढून, सोबत जोड. शेवटच्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत तीन-चार सिनिअरना प्रत्यक्ष भेटून ये. सनदेची कागदपत्रं निकालाआधीच गोळा करून ठेव. नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल आहे. कोणी जास्त मागितले, तर पावती मागायला लाजू नकोस.