दीड वर्षाची मुलगी खडू तोंडात घालते, भिंती रंगवते. घरी रंगांची सुरुवात कशी करू?

रंगांची घाई नको. आधी ताटात मूठभर रवा पसरा आणि तिला बोटानं रेघा ओढू द्या. पूर्वी मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, तसंच. चिमूटभर रवा पोटात गेला तरी फारसं बिघडत नाही. दुसरा खेळ म्हणजे वाटीभर पाणी, जाड ब्रश आणि गच्चीची फरशी. रेघ वाळून गायब झाली की पुन्हा काढायची! आमच्याकडे उन्हाळाभर हेच चाललं.

रंग हवेच असतील तर दह्यात बीटाचा रस कालवा. हळदही चालते, पण कपड्यांवरचे डाग तुमचे तुम्ही बघा. होळीचे रंग मात्र अजिबात नकोत. खडू जाडजूड, बिनविषारी घ्या. तुटलेले तुकडे लगेच उचला, घशात अडकतात. कागद चिकटपट्टीनं जमिनीला चिकटवा, कारण या वयात मनगट नाही, अख्खा हात फिरतो. पाच मिनिटांत कंटाळली तर आवरून टाका.

भिंतीचं म्हणाल तर तिच्या उंचीवर जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू लावा. तरी थोडी भिंत रंगणारच. आणि "हे काय काढलंस?" असं विचारू नका, तिलाही ते माहीत नसतं.